नागपूर ते पुणे : अंतर तेच, वेळ वेगळा

मागच्या खेपेला आपण भोसल्यांच्या काळातल्या नागपूरच्या पेठा बघितल्या. आज पेठेतून बाहेर पडायचंय. वाटेला लागायचंय.

विषय दिसायला साधा आहे. नागपूरहून पुणे किती लांब? हा प्रश्न आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना विचारतो तेव्हा उत्तर किलोमीटरमध्ये क्वचितच येतं. "रात्रभर लागते सर," असं येतं. उत्तर बरोबरच आहे. माणूस अंतर चालत नाही, वेळ चालतो. पण इतिहासाच्या माणसाला इथे थांबता येत नाही. रात्रभर कुणाला लागते? कधीपासून लागते? आणि त्याआधी काय लागायचं?

आधी आकडे घेऊ. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तर नागपूर-पुणे सुमारे ६२० किलोमीटर भरतं. रस्त्याने सातशेच्या थोडं वर जातं. आणि रेल्वेने? ८८१. म्हणजे सरळ रेघेपेक्षा अडीचशेहून जास्त किलोमीटरचा वळसा. युरोपात पॅरिस ते बर्लिन, दोन देशांच्या दोन राजधान्या, हवाई अंतर साधारण ८८० किलोमीटर. आपण तेवढीच रेल्वे एकाच राज्यातल्या दोन शहरांमध्ये तुडवतो. हा वळसा कुठून आला, हे आज सांगायचं आहे. पण त्यासाठी रेल्वे नव्हती तिथून सुरुवात करावी लागेल.

जुन्या मराठी कागदांमध्ये एक फार उपयोगाची सवय आहे. पत्र पोचलं की घेणारा त्यावर पोचल्याची तारीख टाकायचा. तिला पैवस्ती म्हणतात. पत्रात लिहिल्याची तारीख असते, ती बहुधा चंद्राची, 'छ' लावून. वरती पैवस्ती. दोहोंमधलं अंतर काढलं की पत्र किती दिवस वाटेत होतं ते कळतं. एक पत्र काही सांगत नाही. शंभर पत्रं मांडली की पावसाळ्यात नद्या किती दिवस अडवायच्या, कुठली वाट मोडली होती, कुठे दंगा होता, सगळं दिसायला लागतं. पत्रात लिहिलेल्या मजकुराइतकीच ही मधली रिकामी जागा बोलते. दफ्तरात बसायची संधी मिळाली तर मजकूर वाचण्याआधी पैवस्ती बघा, असं आम्ही नेहमी सांगतो.

पत्र न्यायचे ते जासूद. ते बहुधा जोडीने निघायचे, म्हणून कागदात 'जासूद जोडी' असा शब्द येतो. एक आजारी पडला, एकाला वाटेत कुणी गाठलं, तरी दुसरा पुढे जाईल. सांडणीस्वार होते, घोडेस्वार होते. शिवाय सावकारांची स्वतःची माणसं होती आणि ती पुष्कळदा सरकारी जासुदाच्या आधी पोचत. पानिपतचंच घ्या. लढाई १४ जानेवारी १७६१ची. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेकडे निघालेले, भिलशाजवळ होते. त्यांना बातमी कळली ती जानेवारीच्या चोवीस तारखेच्या सुमारास, तीही सावकारी पत्रातून. दहा दिवस. त्या दहा दिवसांत पेशवे जे हुकूम काढत होते, ते अस्तित्वात नसलेल्या फौजेसाठी होते.

नागपूर-पुणे वाट कोणती? ढोबळमानाने नागपूरहून वऱ्हाडात उतरायचं, अमरावती, मग मेहकर-सिंदखेडच्या बाजूने जालना, औरंगाबाद, नगर, पुणे. कोस म्हणजे सुमारे दोन मैल धरला तर सव्वादोनशे-अडीचशे कोस. फौज बुणग्यांसकट दिवसाला पाच-सात कोस चालली तरी पुष्कळ. म्हणजे फौजेला महिना-सव्वा महिना. जासुदाला, वाट सुकी असेल तर, आठवडा-दहा दिवस. त्याहून लवकर कुणी नाही, मग तो राजा असो की शिपाई. हे मनात पक्कं ठेवा, कारण पुढची गोष्ट या आठवडा-दहा दिवसांवर उभी आहे.

१८१७ सालचा नोव्हेंबर. पुण्यात दुसरे बाजीराव, नागपुरात अप्पासाहेब भोसले. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन. हा माणूस १८०४ ते १८०८ नागपूरलाच रेसिडेंट होता, दोन्ही दरबार त्याला आतून ठाऊक. नागपुरात आता रिचर्ड जेन्किन्स. अप्पासाहेबांनी आदल्याच वर्षी, मे १८१६ मध्ये, इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता. पण मन तिकडे रमलं नाही. पुण्याशी निरोपानिरोपी चालू होती. मराठ्यांच्या दोन गाद्यांनी एकाच वेळी उठायचं, ही कल्पना वाईट नव्हती. एकाच वेळी, हा शब्द मात्र अवघड होता.

५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. पेशव्यांची फौज मोठी असून तिला इंग्रजांची तुकडी हटवता आली नाही. सोळाला येरवड्याकडे पुन्हा लढाई, आणि त्या रात्री बाजीराव पुणं सोडून गेले. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं.

आता नागपूर. तारीख २४ नोव्हेंबर. अप्पासाहेबांनी भर दरबारात पेशव्यांकडून आलेली खिल्लत स्वीकारली. सेनापतिपद घेतलं, जरीपटका घेतला. जेन्किन्सला बोलावणं होतं. त्याने यायचं नाकारलं. आता या दोन तारखा शेजारी ठेवा, सतरा आणि चोवीस. ज्या पेशव्यांच्या नावाने नागपुरात वस्त्रं घातली जात होती, त्यांच्या वाड्यावर सात दिवसांपूर्वीच परकं निशाण चढलेलं होतं. सात दिवस म्हणजे जेमतेम एका जासुदाचा प्रवास.

या प्रसंगाबद्दल आपल्याकडे दोनच भाषा चालतात. एक, अप्पासाहेब अविचारी होते. दोन, अप्पासाहेब शूर होते. दोन्ही भाषांमध्ये मधले सव्वादोनशे कोस गायब असतात. आमचं म्हणणं असं की अप्पासाहेबांचा निर्णय ज्या पुण्यावर टेकला होता ते पुणं आठवडाभर जुनं होतं. आकाशातल्या ताऱ्याचा उजेड आपल्याला दिसतो तसं.

बरं, उशीर काही मराठ्यांनाच नव्हता. त्याच सुमाराची युरोपातली गोष्ट बघा. वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ला झाली आणि विजयाची अधिकृत बातमी लंडनला पोचली ती २१ जूनच्या रात्री. चांगले रस्ते, जहाज, बदलीचे घोडे, सगळं असून तीन दिवस. आणि अंतर नागपूर-पुण्याच्या साधारण निम्मं. तेव्हा जगात बहुतेक ठिकाणी बातमी घोड्याच्या पुढे धावत नव्हती. इंग्रजांचे हरकारेही त्याच वाटेने, त्याच चिखलातून जात. फरक एवढाच, की एल्फिन्स्टन आणि जेन्किन्स यांना एकमेकांच्या बातमीवर अडून राहावं लागलं नाही. त्यांच्या मदतीच्या फौजा आधीच मध्ये पेरून ठेवलेल्या होत्या.

सीताबर्डीची लढाई २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. त्या दोन टेकड्या आपण रोज बघतो, आज त्यांच्या पायथ्याशी मेट्रो थांबते. इंग्रजांकडे तेराशे-चौदाशे माणसं, अप्पासाहेबांकडे त्याच्या दहापटीहून जास्त, त्यात अरबही. तरी टेकडी हातची गेली. आणि मग वेळेचा खेळ उलटा फिरला. इंग्रजांची पहिली कुमक दोनच दिवसांत नागपुरात हजर. डव्हटन आपली मोठी फौज घेऊन १२ डिसेंबरला आला. सोळाला नागपूरच्या वेशीवरची लढाई झाली आणि विषय जवळपास संपला. पुण्याहून नागपूरला कुणी आलं नाही. येणार कोण?

खरं तर आलं. हा भाग फारसा सांगितला जात नाही म्हणून सांगतो. बाजीराव पेशवे स्वतः नागपूरच्या रोखाने आले, पण १८१८च्या एप्रिलमध्ये. चांद्याकडे जायचा त्यांचा विचार होता. तोपर्यंत अप्पासाहेब कैदेत पडले होते. १५ मार्चला त्यांना धरलं होतं, आणि आरोप हाच, की पेशव्यांशी संधान बांधलं. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ शिवणीला बाजीरावांची फौज ॲडम्सने गाठली आणि मोडली. म्हणजे पेशवे आणि भोसले एकमेकांच्या सगळ्यात जवळ आले तेव्हा एकजण पळत होता आणि दुसरा पहाऱ्यात होता. पांढरकवडा ते नागपूर दीडशे किलोमीटर. आज तीन तास.

इथे एक श्वास घेऊ. पाणी प्या.

यानंतरच्या पस्तीस वर्षांत अंतर तसंच राहिलं, जासूद तसाच राहिला. बदलला तो माल. वऱ्हाड-नागपूरचा कापूस कुठे जायचा माहीत आहे का? मुंबईला नाही. तो मिर्झापूरला जायचा, गंगेवर. वंजाऱ्यांचे बैलांचे तांडे तो सुमारे पाचशे मैल वाहून न्यायचे, आणि तिथून होडीने कलकत्ता. तांडा दिवसाला आठ-दहा मैल चालतो. हिशेब करा, जवळजवळ दोन महिने. धुळीने कापूस मळायचा, पाऊस लागला की कुजायचा. मुंबईकडे पहिली मोठी खेप १८२५-२६ साली विकाजी-पेस्तनजी या पारशी पेढीने पाठवली. सुमारे एक लाख वीस हजार पौंड कापूस, पाचशे बैल. भागाकार करा, एका बैलाच्या पाठीवर २४० पौंड. एक संबंध गाव चालल्यासारखं ते दिसलं असेल!

मग डलहौसी आला. ११ डिसेंबर १८५३ला तिसरे रघुजी वारले, दत्तक मंजूर झाला नाही, १८५४मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. खालसा करण्याच्या समर्थनात डलहौसीने जे लिहिलं त्यात इथल्या कापसाचा आणि मँचेस्टरच्या गरजेचा मुद्दा आहे, तो लपवलेला नाही. आणि हिंदुस्थानात रेल्वे कुठून कुठे न्यायची याचं प्रसिद्ध टिपणही याच डलहौसीचं, १८५३चं. राज्य आणि रेल्वे, दोन्हींची सही एकाच माणसाची.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ला सुटली. कल्याणपासून रुळांना दोन फाटे फुटले. एक थळ घाट चढून नाशिक, मनमाड, भुसावळकडे. दुसरा बोरघाट चढून पुणे, सोलापूर, पुढे रायचूरकडे. भुसावळहून एक फाटा बडनेरा-वर्धा करत १८६७ साली नागपूरला पोचला. गंमत अशी की कापसाची खरी तेजी अमेरिकेतल्या यादवी युद्धाने आणली होती आणि ते युद्ध १८६५मध्येच संपलं होतं. मुंबईचा शेअरबाजार कोसळून झाला होता. रेल्वे वरात निघून गेल्यावर मांडवात पोचली. पण पोचली, आणि दोन महिन्यांची वाट दिवसांवर आली.

आता मूळ प्रश्नाकडे या. नागपूरहून पुण्याला जाणाऱ्याचं काय झालं? ही रेल्वे कापसाला बंदरावर न्यायला बांधली होती, माणसाला पुण्याला न्यायला नव्हे. १८६७ साली नागपूरहून रेल्वेने पुण्याला जायचं तर थेट कल्याणपर्यंत जायचं, थळ घाट उतरायचा, तिथे गाडी बदलायची आणि बोरघाट चढायचा. सुमारे नऊशेवीस किलोमीटर. पुढे १८७८ साली मनमाड-दौंड जोडलं गेलं आणि दोन्ही घाट चुकले. अंतर वाचलं किती? चाळीसेक किलोमीटर. ती जोडवाट आजही आपली वाट आहे. पुण्याची गाडी मनमाडहून दक्षिणेला वळते, कोपरगाव, नगर करत दौंडला जाते आणि पुण्यात उलट्या बाजूने, पूर्वेकडून शिरते. जासूद नागपूरहून निघून मेहकर-जालन्यावरून जायचा. त्या सरळ वाटेवर नागपूर-पुणे अशी थेट रेल्वे दीडशे वर्षांत झाली नाही.

एक छोटी गोष्ट मध्येच सांगून टाकतो. नागपूरचा सूर्य पुण्याच्या आधी साधारण एकवीस मिनिटं डोक्यावर येतो. पूर्वी प्रत्येक गावाचं घड्याळ आपापल्या सूर्यावर चालायचं, तेव्हा जासुदाला याचं काही देणंघेणं नव्हतं. रेल्वेला होतं. वेळापत्रक एकाच घड्याळावर हवं, म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. १९०६पासून प्रमाणवेळ लागू झाली. म्हणजे आपली एकवीस मिनिटं कायमची खर्ची पडली. हे नागपूरकर पुणेकरांना अधूनमधून ऐकवतात. ऐकवू द्या.

याच सुमाराचा, १९०७चा, आपला झिरो माइलचा दगड. आम्ही लहानपणापासून ऐकत आलो की हा भारताचा मध्य. त्या दगडाचं मूळ काम समुद्रसपाटीपासूनची उंची नक्की करण्याचं, १०२०.१७१ फूट. ज्या त्रिकोणमितीय मोजणीचा हा वंशज, तिचा पहिला प्रमुख कर्नल लॅम्टन हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. देश मोजायला निघालेला माणूस नागपूरच्या पंचाहत्तर किलोमीटर अलीकडे थांबला. पण आमचं लक्ष वेधतात ती खांबावरची नावं. हैदराबाद ३१८ मैल. जबलपूर १७०. छिंदवाडा ८३. शिवनी ७९. पुढच्या वेळी गेलात तर बघा, त्यावर पुणं नाही, मुंबईही नाही. ज्यांनी खांब उभा केला त्यांच्या नागपूरचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते यावरून कळतं. १८६१पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी. त्या प्रांतात जबलपूर येतं, रायपूर येतं. पुणं येत नाही.

त्यामुळे १९५६ साली जे झालं ते आकड्यात मांडून बघा. १ नोव्हेंबरला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पंचाण्णव वर्षं राजधानी असलेल्या शहराची राजधानी ८३७ किलोमीटर लांब गेली. एका दिवसात. रस्ता हलला नाही, रूळ हलले नाहीत. कालपर्यंत ज्या अर्जासाठी माणूस सायकलवर सिव्हिल लाइन्सला जायचा, त्यासाठी आज रात्रभर गाडीत बसायचं. हे होणार हे आधीच ठाऊक होतं, म्हणून तर २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात लिहून घेतलं होतं की सरकार वर्षातला काही काळ नागपूरला हलेल आणि विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन इथे होईल. हिवाळी अधिवेशन म्हटलं की लोकांना मोर्चे, हुर्डा पार्ट्या आणि संत्री आठवतात. आमच्या लेखी ते अंतर भरून देण्याचा वार्षिक हप्ता आहे. माणसाने राजधानीला जाण्याऐवजी राजधानीने माणसाकडे यायचं, काही आठवडे. तो हप्ता पुरा भरला जातो का, यावर या सभागृहात दोन मतं असतील, असू द्या. पण नागपूरला तरी अधिवेशन येतं. सिरोंच्याच्या माणसाला हैदराबाद नागपूरपेक्षा जवळ आहे. त्याच्या राजधानीचं अंतर मोजायला आमच्याकडे कोस पुरत नाहीत.

मध्यावर असण्याचा फायदा झालाच नाही असं नाही. १९४९च्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही बाजूंनी विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्या एकमेकांना द्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात! पेशव्यांच्या जासुदाला सांगितलं असतं तर हसला असता. सत्तरच्या दशकात ती बंद झाली. तोवर देशाचं टपाल रोज रात्री नागपुरात भेटायचं आणि नागपूर झोपलेलं असायचं.

आता आजच्या वाटेवर येऊ. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ला उघडला. ११ डिसेंबर म्हणजे तिसऱ्या रघुजींची पुण्यतिथी, हा निव्वळ योगायोग, पण इतिहासवाल्यांना असले योगायोग सोडवत नाहीत. शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ला झाला. मुंबई आठ तासांवर आली. हा रस्ताही मुंबईसाठीच बांधलेला आहे, पुण्यासाठी नव्हे. पण त्याची रेघ रेल्वेसारखी वर भुसावळला जात नाही. ती वर्धा, अमरावती करत मेहकर, सिंदखेडराजा, जालना अशी जाते. ओळखीची वाटते ना?

या रस्त्यावर रात्री उभं राहिलं तर कळतं की पुण्याच्या बसेस किती. विदर्भातली पोरं शिकायला पुण्यात, नोकरीला पुण्यात. रेल्वेत जागा मिळत नाही, मिळाली तर वळसा. म्हणून बस. १ जुलै २०२३च्या पहाटे, सिंदखेडराजाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली अशीच एक बस उलटली आणि पेटली. पंचवीस प्रवासी गेले. त्यानंतर चर्चा झाली ती टायरची, चालकाच्या झोपेची, सरळ रस्त्यावर येणाऱ्या गुंगीची. ती व्हायलाच हवी होती. पण इतकी तरुण माणसं रोज रात्री त्या रस्त्यावर का असतात, या प्रश्नाचं एक उत्तर १८६७च्या रेल्वे-नकाशात आहे. ते उत्तर कुठल्याच चर्चेत आलेलं आम्ही पाहिलं नाही.

ऑगस्ट २०२५पासून अजनीहून पुण्याला वंदे भारत सुटते. बारा तासांत ८८१ किलोमीटर. गाडी नवी, डबे नवे. रूळ मात्र मनमाडहून दौंडला वळणारे तेच. आणि रस्त्याने जाणारे संभाजीनगरपाशी समृद्धी सोडतात, जुन्या रस्त्याला लागतात, नगरवरून पुण्यात उतरतात. पैवस्ती टाकणारे कारकून याच वाटेकडे डोळे लावून बसायचे.

आमच्याकडे दहा मिनिटं उरली आहेत. मागच्या रांगेतला हात आधी वर गेला होता. हं, विचारा.